तेहतीस पौंड हवा

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाही खोटं सांगितलेलं नाही. ही माहिती मला त्यांनीच दिलेली होती, आणि लहानपणापासून इतक्या वेळा दिलेली होती की ती तपासून बघायचं कधी सुचलं नाही.

"दिवा लागलाय," नाना म्हणाले.

सोमवारची सकाळ होती, सव्वासात वाजले होते. तासगावच्या आमच्या घरासमोर गाडी उभी, मी स्टिअरिंगवर, आणि नानांचा एक पाय गाडीत, एक रस्त्यावर. त्यांचं बोट समोरच्या पडद्याकडे होतं. तिथे घोड्याच्या नालेसारखं एक पिवळं चिन्ह पेटलं होतं. नालेच्या मधोमध उद्गारचिन्ह.

चाकातल्या हवेचा दिसतोय, वाटेत बघू, असं मी म्हणालो. नानांनी आत टाकलेला पाय बाहेर घेतला.

"दिवा लागलेली गाडी बाहेर काढायची नाही," ते म्हणाले. म्हणजे त्यांच्या घशातून त्या दिवसांत जी खरखर निघायची तिच्यातून एवढं ऐकू आलं. मग ते घरात गेले आणि त्यांनी चपला काढून ठेवल्या.

नाना एस.टी.च्या डेपोत टायर सेक्शनचे प्रमुख होते. चौतीस वर्षं. रोज पहाटे हातात छोटी हातोडी घेऊन ते प्रत्येक गाडीभोवती फिरायचे, प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाज पटला नाही तर गाडी जागेवर. मग ड्रायव्हर पाया पडो, डेपो मॅनेजर ओरडो, की आत बसलेलं लग्नाचं वऱ्हाड शिव्या देवो. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती, पण हातोडी त्यांनी घरी आणली होती. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांना ते निघताना एकेक ठोका मारून निरोप द्यायचे.

आता त्यांच्या स्वरयंत्रात कॅन्सर होता. मिरजेच्या हॉस्पिटलात रेडिएशनच्या तीस बैठका ठरल्या होत्या, शनिवार-रविवार सोडून रोज एक. चौदा झाल्या होत्या. पंधरावी त्या सोमवारी होती आणि ती या दिव्यामुळे चुकली.

गाडीबद्दल सांगायला हवं. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. पर्यावरणावर मी तीन व्याख्यानं दिली होती. चौथ्या व्याख्यानात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सर, तुम्ही कशानं येता? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी पुण्याच्या एका डॉक्टरकडून ही जुनी, परदेशी बनावटीची विजेवरची गाडी घेतली. घेतली त्याच वर्षी कंपनीनं इथला बाजार आवरता घेतला. डॉक्टरांना ते आधी कळलं असावं. डॉक्टरांना बऱ्याच गोष्टी आधी कळतात.

मी पेट्रोल पंपावर जाऊन हवा तपासून घेतली. विजेची गाडी पंपावर आलेली बघून तिथल्या माणसानं आधी मलाच तपासून घेतलं. चारही चाकांत तेहतीस. मग मॅन्युअल वाचलं. प्रत्येक चाकात, हवेच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी, काडेपेटीएवढा एक सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजून गाडीला कळवतो. त्याच्यात एक छोटी बॅटरी असते, ती सात-आठ वर्षं चालते आणि ती बदलता येत नाही. आमच्या चारही बॅटऱ्या एकाच आठवड्यात वारल्या होत्या. म्हणजे हवा ठीक होती. हवा ठीक आहे हे सांगणारा कुणी उरला नव्हता, एवढंच.

हे मी नानांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग सेन्सर बदल," म्हणाले.

भाड्याची गाडी करू म्हटलं तर अनोळखी ड्रायव्हरच्या हाती मी जीव देणार नाही, मी सगळे ड्रायव्हर बघितलेत. एस.टी.नं जाऊ म्हटलं तर तिकडे सगळे ओळखतात, नाना आवाजाला काय झालं म्हणून विचारतील, आणि मी सांगू कशानं? हा मुद्दा बिनतोड होता. मी काळी इन्सुलेशन टेप आणली आणि त्या चिन्हावर तिचा लहानसा चौकोन चिकटवला. नाना गाडीत बसले, त्यांनी नखानं ती टेप सोलली, माझ्या शर्टाच्या खिशावर नीट चिकटवली आणि परत उतरले.

दिव्याची वायरच तोडून टाकावी, हा विचार माझ्या मनात आला. पण तो येताच त्यांनी ओट्यावरून सांगितलं की किल्ली फिरवली की सगळे दिवे तीन सेकंद लागून विझले पाहिजेत. जो लागतच नाही तो काढलेला असतो. असले ड्रायव्हर मी घरी बसवलेत.

संध्याकाळी मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एखादा दिवस चालेल, फार तर तीन. "खंड पडू देऊ नका, सर. आपण सुट्टी घेतली की तो ओव्हरटाइम करतो." तो म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तीन दिवस म्हणजे गुरुवार. गुरुवारी सकाळी तो दिवा तीन सेकंद लागून विझायला हवा होता.

मंगळवारी मी रजा टाकली आणि फोन घेऊन बसलो. पुण्यात कंपनीचं काम बघणारं एक सेंटर अजून सुरू होतं. तिथल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की एका सेन्सरचे साडेचौदा हजार, असे चार, बसवणावळ वेगळी, माल बाहेरून यायला सहा आठवडे, आणि गाडी पुण्यालाच आणावी लागेल. मात्र दिवा लागलेली गाडी चालवून आणू नये, क्रेननं आणावी. हे वाक्य नानांच्या कानावर पडू नये म्हणून मी स्पीकर बंद केला.

मग इंटरनेटवर शोधलं. दोन हजारांत मिळत होते. पण विकणाऱ्यानं विचारलं, तुमच्या गाडीला तीनशे पंधरा लागतो की चारशे तेहतीस? मी राज्यशास्त्राचा माणूस. मला वाटलं दोनशे बहात्तरच्या वर आकडा गेला म्हणजे बहुमत आहे. ती रेडिओलहरींची फ्रिक्वेन्सी निघाली. तीही मी शोधून काढली. माल कधी येईल? पाच ते सात दिवस. मी त्यांना सांगितलं की वडिलांना कॅन्सर आहे, गुरुवारची वेळ आहे. त्यांनी पिनकोड विचारला. मग म्हणाले, सात ते नऊ दिवस.

दुपारपर्यंत मी कोल्हापूर, हुबळी, बेळगाव आणि मुंबईच्या एका भंगारवाल्याशी बोललो होतो. भंगारवाला म्हणाला, साहेब, अख्खी गाडीच घेऊन टाका, चार चाकं फुकट येतील. माझा आवाज चढला होता. मधेच बायकोनं, वृषालीनं, चहा आणून ठेवला आणि खिडकीकडे खूण केली. बाहेर नाना जुईच्या वेलाला काठी बांधत होते. सकाळी त्यांनी दहीभात संपवला होता. कितीतरी दिवसांनी.

"नाना आज खुशीत आहेत," ती म्हणाली. "बघितलंत का?"

"गाडी वाईट आहे हे सिद्ध झालं म्हणून," मी म्हणालो आणि सुरतेला फोन लावला.

बुधवारी मी मिरजेला गेलो, दिवा लावून, एकटाच. तिथल्या तासगाव वेशीजवळ इलाही मुल्लांचं टायरचं दुकान आहे. साठीचा माणूस, हात कोपरापर्यंत काळे, चष्मा मात्र लखलखीत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांचं नाव विचारलं. सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"टायर सेक्शनचे खराडे?" ते म्हणाले. "त्यांनी माझ्या वालिदांचे चाळीस रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर, परत पाठवले होते, सर. चाळीसच्या चाळीस. ट्रक भरून गेला तसा भरून आला. अब्बा आठ दिवस जेवले नाहीत नीट."

मी दिलगिरी व्यक्त केली. ते म्हणाले की टायर खराबच होते, त्याचं काही नाही. पण एवढा कडक माणूस आता गाडीच्या दिव्याला घाबरतो, हे ऐकून बरं वाटलं. मग त्यांनी तीन फोन केले. दुसऱ्या फोनवर कळलं की जयसिंगपूरच्या एका गॅरेजात माझ्याच गाडीची जुळी बहीण पडून आहे, उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेली. समोरचं सगळं गेलेलं, चाकं आहेत. सेन्सर जिवंत आहेत का, हे चाकं उघडल्याशिवाय कळणार नाही. चारांचे मिळून सहा हजार, घासाघीस नाही.

आम्ही जयसिंगपूरला गेलो. चाकं उघडली. चारही सेन्सर जिवंत होते. इलाहीभाईंच्या हातातल्या मोबाइलएवढ्या यंत्रावर चार हिरवे ठिपके उमटले. मी त्या चार ठिपक्यांकडे ज्या नजरेनं बघितलं तसं मी माझ्या मुलीच्या दहावीच्या निकालाकडेही बघितलं नव्हतं. मग इलाहीभाईंनी एक सेन्सर उलटा करून दाखवला. त्याची व्हॉल्व्हची नळी गंजून तुटली होती. चारांचीही. चाकात बसवायला काही धडच नव्हतं.

मी तिथेच एका टायरवर बसलो. साडेचार वाजले होते. गुरुवार उजाडायला एक रात्र होती, आणि माझ्या ओंजळीत सहा हजारांचे चार सेन्सर होते, जे हवा मोजू शकत होते पण हवेत राहू शकत नव्हते.

इलाहीभाईंनी माझ्या ओंजळीतला एक सेन्सर उचलून फिरवून बघितला. मग म्हणाले, "सर, यांना चाक कशाला पाहिजे? यांना हवा पाहिजे."

समोरच हार्डवेअरचं दुकान होतं. इलाहीभाईंनी बोअरला घालतात तसल्या जाड प्लास्टिकच्या पाइपाचा हातभर तुकडा घेतला. चारही सेन्सर आत सोडले. दोन्ही तोंडांना टोपणं घालून सोल्युशननं पक्की केली, एका टोपणाला भोक पाडून ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला आणि मिरजेच्या दुकानात परत आल्यावर त्यात कॉम्प्रेसरनं हवा भरली. बरोबर तेहतीस. मग यंत्रावर गाडीची आणि सेन्सरची ओळख करून दिली. पाइप डिकीत, चटईखाली ठेवला. मी किल्ली फिरवली. नाल पेटली. एक, दोन, तीन. विझली.

"आता तुमच्या गाडीला पंक्चर कधीच होणार नाही," इलाहीभाई म्हणाले. "निदान गाडीला तसं कळणार नाही." पैसे घेताना त्यांनी एक अट घातली. पाइप नानांकडून पास झाला तर फोन करून सांगायचं. मुल्ला घराण्याचा एक तरी माल खराडेसाहेबांनी पास केला, एवढं अब्बांच्या कबरीवर जाऊन सांगता येईल.

रात्री मी झोपलो नाही असं म्हणणार होतो, पण झोपलो. फार दमलो होतो.

गुरुवारी सव्वासातला गाडी दारात उभी केली. नाना सावकाश बाहेर आले. अंगात शर्ट होता, पण पायांत चपला नव्हत्या. मी दार उघडून किल्ली फिरवली. नाल पेटली, तीन सेकंदांनी विझली. ते पडद्याकडे बघत उभे राहिले. दिवा परत लागेल म्हणून ते वाट बघताहेत, असं मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं. पण लगेच मी तो विचार सोडून दिला.

"चारही बदलले?" त्यांनी विचारलं.

"चारही नवीन," मी म्हणालो. जे जयसिंगपूरहून आणले ते माझ्यासाठी नवीनच होते.

नाना घरात गेले आणि हातोडी घेऊन आले. गाडीभोवती फिरले. चार ठोके. चारही आवाज ऐकले. मग डिकीजवळ थांबले. का थांबले ते मला आजही माहीत नाही. चौतीस वर्षांत त्या माणसाला कुठे काय दडवतात हे पाठ झालं असणार. त्यांनी डिकी उघडली, चटई उचलली आणि तो पाइप हातात घेतला. उलटसुलट करून बघितला. व्हॉल्व्हची पिन नखानं दाबली. फुस्स.

त्यांना सगळं समजलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. दोन सेकंदंही लागली नाहीत.

"किती भरलीय?"

"तेहतीस."

"म्हणजे गाडीला वाटतंय चाकांत हवा आहे."

"हवा आहेच, नाना," मी म्हणालो. "चारही चाकांत आहे. पंपावर बघितलंय मी. शपथेवर सांगतो."

"माहीत आहे," नाना म्हणाले. "मी रोज पहाटे बघतो. तुम्ही उठायच्या आत."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. तीन दिवस, सहा हजार, सुरत, हुबळी, उसाची ट्रॉली, सगळं माझ्या डोक्यात एकदम फिरलं. मी विचारलं, मग?

त्यांनी पाइप परत चटईखाली ठेवला, चटई नीट केली आणि डिकीच्या कडेवर बसले. बोलायला त्यांना त्रास होत होता, म्हणून वाक्यावाक्याला थांबत होते.

"तिथं ती जाळी आहे. प्लास्टिकची. तोंडावर बसवतात. माझ्याच तोंडाच्या मापाची केलीय. टकाटक खटके दाबून टेबलाला बांधतात. मान हलत नाही." थांबले. "मग सगळे बाहेर पळतात. एवढं जाड दार लागतं. नऊ मिनिटं."

"आत कॅमेरा असतो, नाना. त्या मुलीनं सांगितलंय ना, काही वाटलं तर हात वर करा."

"हात वर केला आणि तिनं बघितलं नाही तर?" ते म्हणाले. "मला ओरडता येत नाही, सुहास."

समोरून दूधवाला गेला. त्यानं नानांना रामराम केला. नानांनी हातोडी उचलून केला.

नको असेल तर नको जाऊया, हे तोंडापर्यंत आलं होतं. तसं म्हटलं असतं तर तो चुकलेला चौथा दिवस झाला असता. तीच गोष्ट त्यांनाही सुचली असावी. त्यांनी खिशातून पेन आणि एक जुनी चिठ्ठी काढली, चिठ्ठी उलटी करून गुडघ्यावर धरली आणि लिहायला लागले. अक्षर पूर्वीसारखंच होतं, चौकोनी.

"हे त्या मुलीला दे. मिनिटाला एक वाचायला सांग. बाहेर माणूस आहे एवढं कळलं की झालं."

चिठ्ठीवर नऊ नावं होती, तासगावहून मिरजेपर्यंतच्या एस.टी.च्या थांब्यांची. कवठे एकंद. कुमठे फाटा. कवलापूर. बुधगाव. माधवनगर. सांगली स्टँड. विश्रामबाग. वानलेसवाडी. मिरज.

मग ते घरात गेले आणि चपला घालून आले.

रेडिएशनच्या यंत्रावरच्या मुलीचं नाव अश्विनी होतं, जतची. चिठ्ठी वाचून तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि तिनं चिठ्ठी माईकजवळ नीट ठेवली. दार लागलं. बाहेरच्या बाकावरून मला तिचा माईकवरचा आवाज ऐकू येत होता. "कवठे एकंद, काका." मग बराच वेळ काही नाही. "कुमठे फाटा." मी घड्याळाकडे बघत होतो. एका मिनिटात किती वेळ असतो ते मला त्या बाकावर कळलं, आणि मी तर बाहेर होतो. "मिरज आलं, काका. उतरा सावकाश."

नाना बाहेर आले. गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले होते. शुक्रवारी तिनं एक नाव चुकून गाळलं, तर बाहेर आल्याआल्या त्यांनी माझ्याकडे तक्रार केली की गाडी कुमठे फाट्याला थांबली नाही. अश्विनीनं कान धरले.

इलाहीभाईंना मी फोन करून सांगितलं की माल पास झाला नाही.

"रिजेक्ट?" त्यांनी विचारलं.

"दोन सेकंदांत."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. आवाजावरून खूश वाटले.

सोमवारी बुधगावच्या पुढे पाइपाच्या टोपणातून सगळी हवा गेली आणि नाल परत पेटली. मी गाडी बाजूला घ्यायला लागलो. नानांनी दिव्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आणि हातानंच पुढे चल अशी खूण केली. उरलेल्या तेरा फेऱ्या तो लागलेलाच होता. दोन वर्षांनी गाडी विकली तेव्हाही लागलेलाच होता.